नऊ महिने वापरून: मिशन पान ३ वर, लेट रिमार्क पान ९ वर

फी, डोनेशन, दहावीचा निकाल यांवर मी लिहिणार नाही. मिशनरी शाळेच्या फॉर्मसाठी ज्यांनी पहाटे रांग लावली आहे, त्यांना ते सगळं तोंडपाठ असतं. मला लिहायचंय ते कॅलेंडरबद्दल. शाळेची ती छोटी पुस्तिका हो, दप्तरात नसली की मुलगा वर्गाबाहेर.

मुलगा पाचवीत. जूनपासून नवीन शाळेत. डॉन बॉस्को म्हणजे एकोणिसाव्या शतकातले इटलीतले कॅथलिक धर्मगुरू; त्यांच्या वाटेने जाणाऱ्या फादरांची शाळा, मुंबईच्या उपनगरातली. नाव सांगत नाही, अजून पाच वर्षं तिथेच काढायची आहेत.

कॅलेंडरच्या पान ३ वर शाळेचं मिशन छापलंय. विवेक, धर्म आणि प्रेमळपणा या तीन खांबांवर शिक्षण, शाळा म्हणजे एक कुटुंब, वगैरे. पान ९ वर लेट रिमार्कचा तक्ता. तीन रिमार्क झाले की पालकांनी येऊन भेटायचं. जूनमध्ये मी पान ३ वाचलंच नव्हतं. वॉरंटी कार्ड कोण वाचतं? मशीन बंद पडलं की मग आपण बारीक अक्षरं शोधत बसतो.

मशीन जानेवारीच्या शेवटी बंद पडलं. शाळेचं फाटक ७.२० ला लागतं. स्कूलबस परवडत नाही म्हणून आम्ही रिक्षावाले काका लावलेत. एका रिक्षात सहा मुलं, नाक्यावर सिग्नल, पुढे रस्ता खोदलेला. तिसऱ्यांदा उशीर झाला, वॉचमनने मुलाला बाहेरच थांबवलं, प्रार्थना संपेपर्यंत उभा ठेवला आणि मग लाल शाईत तिसरा रिमार्क. मला अर्धा दिवस रजा टाकावी लागली. आमच्याकडे अर्ध्या दिवसाचे पैसे कापतात, हे इथे नमूद करते.

त्याच आठवड्यात, ३१ जानेवारीला, डॉन बॉस्कोंचा सण असतो. असेंब्लीत गोष्ट सांगितली होती, ती मुलाने मला रात्री भांडी घासताना ऐकवली. ८ डिसेंबर १८४१, इटलीतलं तुरीन शहर. चर्चच्या मागच्या खोलीत थंडीतून एक गवंडीकाम करणारा पोरका मुलगा येऊन उभा राहतो. तिथला सेवेकरी त्याला म्हणतो, मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मदत कर. पोराला ते येत नाही, म्हणून सेवेकरी त्याला मारून हाकलतो. तरुण बॉस्को ओरडतात, बोलवा त्याला परत, तो माझा मित्र आहे. मग पोराला विचारतात, वाचता येतं? नाही. लिहिता? नाही. शिट्टी वाजवता येते? पोरगा हसतो. सगळ्याची सुरुवात तिथून.

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणजे यांच्या अख्ख्या संस्थेचा उगम दारातून हाकललेल्या पोरात आहे, आणि माझा पोरगा फाटकाबाहेर उभा!

मग मात्र मी तयारी केली. डॉन बॉस्कोंनी १८७७ मध्ये शिक्षणपद्धतीवर छोटा निबंध लिहिला होता, तो नेटवर सापडला. ते दोन पद्धती सांगतात: एक दडपशाहीची, म्हणजे नियम सांगा, पाळत ठेवा, चुकला की शिक्षा. दुसरी प्रतिबंधाची, म्हणजे मोठ्यांनी मुलांमध्ये मिसळून राहायचं, चुकायची वेळच येऊ द्यायची नाही. ते स्वतः दुसरीच्या बाजूचे. मी मुख्याध्यापक फादरांसमोर कॅलेंडर उघडून बसले आणि विचारलं, "फादर, पान ९ यातल्या कुठल्या पद्धतीत बसतं? मुलांमध्ये मिसळणं फाटकाच्या आत सुरू होतं का? बाहेर तर फक्त वॉचमन असतो."

फादर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. मुलाला बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "काय रे, रिक्षाला उशीर होतो?"

चिरंजीव म्हणाले, "एकदा झाला, फादर. दोनदा मी नाक्यावर उतरून कुत्रीची पिल्लं बघत होतो."

मूल्यशिक्षण असं माझ्याच अंगावर आलं. नऊ महिन्यांत खरं बोलायला शिकवलं, तेही नेमकं याच वेळी. घरी आल्यावर मी हा रिव्ह्यू एक तारा देऊन सुरू करणार होते, ते राहिलं.

पुढच्या सोमवारपासून एक फरक पडला. फाटक ७.२० लाच लागतं, पण आता उशिरा आलेल्या मुलांबरोबर फादरांच्या संघातले एक ब्रदर बाहेर उभे राहतात, तिथेच प्रार्थना म्हणतात, मग सगळे आत. रिमार्क मात्र लाल शाईतच. दोन तारे इथे दिले, अर्धा शाईसाठी कापला.

बाकीचं थोडक्यात. सासूबाईंचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न: धर्म शिकवतात का? कॅथलिक मुलांना कॅटेकिझम, म्हणजे त्यांचं धर्मशिक्षण, बाकीच्यांना त्याच तासाला मॉरल सायन्स. अनुदानित शाळेत संमतीशिवाय कुणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे संविधानाच्या २८व्या कलमातच आहे. मुलगा अजून घरी आरती म्हणतो, फक्त 'आमेन' लावून थांबतो. सासूबाईंना ते ऐकू येत नाही, बरं आहे.

एक गोष्ट खटकते. मिशनमध्ये 'विशेषतः गरीब मुलांसाठी' असं लिहिलंय. आमच्या कामवाल्या मावशी विचारत होत्या, आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, त्यांच्या नातीला प्रवेश मिळेल का. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालानंतर अल्पसंख्याक शाळांना तो कायदाच लागू नाही, त्यामुळे गरीब मुलांसाठीच्या त्या राखीव २५ टक्के जागा इथे नाहीत. संध्याकाळी वस्तीतल्या मुलांसाठी मोफत अभ्यासवर्ग आहे, तिथे नात जाते. वर्ग चांगला चालतो. पण सकाळचं फाटक आणि संध्याकाळचं फाटक एकच असूनही एक नाही, असं मला वाटत राहतं.

आणि 'शेअरिंग'. ईस्टरच्या आधीचा उपासकाळ आला की वृद्धाश्रमासाठी धान्य. मी तूरडाळीचं स्वस्तातलं पाकीट काढून ठेवलं, तर मुलगा म्हणाला, आपण खातो तीच द्यायची असते. डब्यातली आमची डाळ काढून नेली. त्या आठवड्यात आमच्याकडे मुगाचं वरण होतं.

मधल्या सुट्टीचं मात्र मनापासून सांगते. आधीच्या शाळेत हा भिंतीला टेकून डबा खायचा. इथे तेच ब्रदर पांढरा झगा कमरेला खोचून मैदानात फुटबॉल खेळतात आणि याला गोलकीपर करतात. मुलांवर नुसतं प्रेम करून भागत नाही, ते त्यांना जाणवलं पाहिजे, असं बॉस्कोंनी १८८४ मध्ये रोमहून पत्रात लिहिलं होतं. याला जाणवलंय. गुडघे फुटलेत, पँटच्या दोन जोड्या गेल्या, त्याचा हिशेब वेगळा.

आता शेवटची तक्रार, खरं तर पहिली. कॅलेंडरची बांधणी. दोन पिना, पातळ कव्हर, फेब्रुवारीत पान १ ते १६ सुटून आलं आणि डब्यातल्या आमटीत भिजलं. नवीन घ्यावं लागलं, १२० रुपये. मी मनात म्हटलं, चला, निदान पान ९ कोरं मिळालं. ऑफिसातल्या बाईंनीही जुनं काही मागितलं नाही.

रात्री बघते तर चिरंजीव लाल पेन घेऊन तिन्ही रिमार्क तारखांसकट नव्या पानावर उतरवून काढत होते. सह्या मला पुन्हा कराव्या लागल्या. पेनही माझंच.