मोठ्या शहरात जावं की आहोत तिथेच राहावं?

नव्याने आलेले म्हणतात, इथे कामाला तोटा नाही. तिथे मुरलेले म्हणतात, वाढलेला पगार घरभाडंच गिळतं. दोन्ही खरं आहे.

माझ्या मते पहिला प्रश्न पगाराचा नाहीच. हातची नोकरी गेली तर दुसरी किती लवकर मिळेल, ते बघा. महानगरात एकाच क्षेत्रातल्या अनेक कंपन्या असतात, ओळखीपाळखीही भराभर वाढतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलं, की नोकरीची बातमी बऱ्याचदा जिवलगांपेक्षा अशा लांबच्या ओळखीतूनच येते. लहान गावात ही सोय तोकडी पडते.

पण गावात राहणाऱ्याकडे रात्री-अपरात्री धावून येणारी माणसं असतात. शहरात पाळणाघरापासून आजाऱ्याच्या सोबतीपर्यंत सगळ्याला पैसे मोजावे लागतात. त्यात प्रवास: दीड तास जायला, दीड तास यायला, आणि घरी पोचावं तर मूल झोपलेलं. हा खर्च पगाराच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

घरून काम होत असेल किंवा आईवडील थकले असतील, तर मी राहा म्हणेन. विशेष कौशल्य असेल आणि जबाबदाऱ्या कमी असतील, तर जरूर जा. फक्त खोली लहान मिळाली तरी कामाजवळच घ्या.