व्हीआयए, पॅप की एचपीव्ही? आधी ठरवा, पुन्हा कधी जाणार

गर्भाशयमुखाच्या, म्हणजे बायकांच्या बोलण्यातल्या 'पिशवीच्या तोंडाच्या' कॅन्सरची तपासणी करायची म्हटलं की तीन सल्ले येतात. आशाताई म्हणतात, उपकेंद्रात या, व्हीआयए फुकट होते. स्त्रीरोगतज्ज्ञ पॅप लिहून देतात. लॅबवाले एचपीव्ही डीएनए चाचणी सुचवतात. काहीच न करण्यापेक्षा यातली कुठलीही बरी, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के बायकांनी अशी तपासणी कधी तरी केल्याचं सांगितलं होतं. पण तिन्ही सारख्या नाहीत.

व्हीआयएमध्ये स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा धरायचं साधन) घालून गर्भाशयमुखाला कापसाने पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतात. व्हिनेगरमध्ये असतं तेच. थोडी चुणचुण होते. मिनिटभर थांबायचं, पेशी बिघडल्या असतील तर तेवढी जागा पांढरी पडते आणि सिस्टर ती नुसत्या डोळ्यांनी बघते. निकाल तिथल्या तिथे. पॅपमध्ये त्याच जागेवरच्या पेशी खरवडून लॅबला पाठवतात आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात. एचपीव्ही चाचणी पेशींकडे बघतच नाही. ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो, तो एचपीव्ही आहे की नाही एवढंच ती शोधते. हा नमुना बाईला स्वतःचा स्वतःलाही घेता येतो. टेबलावर झोपायच्या संकोचापायी तपासणी टाळणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे.

या तिघींची समोरासमोर तुलना झाली ती आपल्याकडेच, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी ती केली. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका भागात एचपीव्ही, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हीआयए, चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा. तपासणी आयुष्यात एकदाच, आणि पुढे आठ वर्षं पाठपुरावा. २००९ मध्ये निकाल छापून आला: एचपीव्ही गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यू म्हणावे तसे घटलेच नाहीत. (चौथ्या गटाला तपासणी न देणं योग्य होतं का, यावर पुढे बराच वाद झाला. तो व्हायलाच हवा होता.)

मला त्यातला दुसराच आकडा जास्त कामाचा वाटतो. तपासणीत 'निगेटिव्ह' आलेल्या बायकांमध्ये नंतर कॅन्सर निघण्याचं प्रमाण वर्षाला लाखात पॅपनंतर १५.५, व्हीआयएनंतर १६ आणि एचपीव्हीनंतर ३.७ होतं. म्हणजे एचपीव्हीच्या निगेटिव्ह रिपोर्टवर अधिक वर्षं विसंबता येतं.

मग व्हीआयए निकामी का? अजिबात नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख बायकांचा असाच अभ्यास केला. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना चार आठवडे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्हीआयए करून घेतली, पण दर दोन वर्षांनी, चार वेळा. या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. व्हीआयएची सगळी मदार अशी परत परत जाण्यावर आणि बघणारीच्या नजरेवर आहे. साध्या सुजेनेही पांढरं दिसू शकतं. आणि पाळी गेल्यावर बघायची जागा आत सरकते, त्यामुळे पन्नाशीनंतर तिच्यावर भिस्त नको.

एचपीव्हीचा तोटा वेगळा. विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला, असं नव्हे. बहुतेकींचा संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. म्हणूनच एरवी तिशीच्या आत ही चाचणी करू नये, उगाच जिवाला घोर. तिशीनंतर पॉझिटिव्ह आली तर कॉल्पोस्कोपीसारखी (दुर्बिणीतून गर्भाशयमुख बघायची) पुढची तपासणी लागते. 'नवऱ्याने आणला का' ही चौकशीही नको, कारण विषाणू संबंधातून येत असला तरी वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. खर्च खासगीत काही हजारांपर्यंत जातो, पॅपचा त्याहून बराच कमी.

माझं मत असं. पैसे जमत असतील, वय तिशीच्या पुढे असेल आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा जाणं होणार नाही हे स्वतःलाच माहीत असेल, तर एचपीव्ही करा. जागतिक आरोग्य संघटनाही २०२१ पासून तीच आधी सुचवते, तिशीनंतर दर ५ ते १० वर्षांनी. एचआयव्ही असेल तर २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी. गावात व्हीआयए होत असेल आणि एचपीव्ही परवडत नसेल, तर तिची वाट बघत बसू नका. सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांनी बोलावतात, शक्य असेल तर आधीच जा. पॅप त्यांच्यासाठी, ज्यांचे डॉक्टर ठरलेले आहेत आणि ज्या दर तीन वर्षांनी न चुकता करतील.

संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, अंगावरून घाण वासाचं जात असेल, तर यातलं काहीच निवडत बसू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा. एचपीव्हीची लस घेतली असली तरी तपासणी सुटत नाही. पिशवी काढली असेल तर डिस्चार्ज कार्ड घेऊन जा: कधी कधी तोंड तसंच ठेवलेलं असतं आणि मग तपासणी लागतेच. पाळीच्या दिवसांत जाऊ नका, आणि आदले दोन दिवस संबंध किंवा आत लावायचं औषध टाळा.