बायॉस आणि ड्रायव्हर अपडेट करून सहा महिने झाले, आता बोलतो

लॅपटॉप २०२२ चा, आय फाइव्ह, १६ जीबी रॅम, विंडोज ११. कंपनी कुठली ते सोडा, मी जे सांगतोय ते बऱ्याच लॅपटॉपना लागू पडेल. साडेतीन वर्षं मी बायॉसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होऊन मशिन जागं करणाऱ्या मूळ प्रोग्रामला, हात लावला नव्हता, कारण आमच्या इथला रिपेअरवाला दादा म्हणायचा, "चालतंय ना साहेब? मग कशाला खाजवताय." पटलं होतं मला तेव्हा.

हात लावायला लागला तो बॅगेमुळे. सकाळी झाकण बंद करून लॅपटॉप बॅगेत टाकायचा, ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडायची, कोपरखैरणेला उतरून रिक्षाने महापे, आणि ऑफिसात पोचेपर्यंत बॅग पाठीला चटका देण्याइतकी गरम. डब्यातला दहीभात दुपारपर्यंत चक्क आंबायचा. आईने एकदा संध्याकाळी बॅग उचलली आणि म्हणाली, "काय रे, इस्त्री घेऊन फिरतोस का?" एकदा मोजून बघितलं, रात्री ११ ला ८४ टक्क्यांवर झाकण बंद केलं, सकाळी ७ ला ४१. झोपेत निम्मी बॅटरी खाल्ली पठ्ठ्याने.

झालंय असं की बऱ्याच नवीन लॅपटॉपमध्ये जुनी एस थ्री वाली गाढ झोप नसतेच, मॉडर्न स्टँडबाय असतं, म्हणजे मोबाईलसारखं, स्क्रीन बंद पण आतून अर्धवट जागं. त्यात एखादा ड्रायव्हर (वायफाय, ऑडिओ असा एकेक भाग चालवणारं सॉफ्टवेअर) नीट झोपला नाही की तो सगळ्यांना जागवत बसतो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, स्लीपस्टडी असं टाकलं की रिपोर्ट मिळतो, रात्रभर कोण जागं होतं ते त्यात दिसतं. माझ्याकडे वायफाय कार्ड आणि ऑडिओ, दोघंही जागरणाला.

मग डिसेंबरात एका रविवारी बसलो आणि कंपनीच्या अपडेट ॲपमध्ये सगळ्यावर टिक मारली. बायॉस, चिपसेट, ग्राफिक्स, वायफाय, ब्लूटूथ, ऑडिओ, टचपॅड, सातच्या सात एका दमात. हा माझा मूर्खपणा, पुढे कळेलच.

बायॉस चढताना फॅन पिठाच्या गिरणीसारखा सुटला, मग स्क्रीन काळी झाली आणि तीन-चार मिनिटं काहीच नाही. त्यात ट्यूबलाईट फडफडली, हातपाय गार पडले माझे. चार्जर लावा आणि बॅटरीही पुरेशी भरलेली हवी असं ते ॲप आधी का बजावतं ते तेव्हा कळलं. अशा वेळी पॉवर बटण दाबायचं नाही, कितीही हात शिवशिवला तरी. पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी (ट्रेनिंग म्हणतात) वगैरे नव्याने होते, वेळ लागतो.

आणि मग निळा स्क्रीन, बिटलॉकर रिकव्हरी की टाका. बिटलॉकर म्हणजे डिस्कवरच्या डेटाला विंडोज घालतं ते कुलूप, मी आयुष्यात चालू केलं नव्हतं! पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. बायॉस बदललं की कुलपाची चावी सांभाळणाऱ्या टीपीएम चिपला वाटतं कोणीतरी मशिनशी खेळलंय, म्हणून चावी मागते, जे बरोबरच आहे. चावी असते ४८ आकड्यांची, सहा-सहाचे आठ गट. बायकोच्या फोनवर माझं अकाउंट उघडलं आणि ती हौजीचे नंबर पुकारावे तशी पुकारत होती, मी टायपत होतो, पाचव्या गटात एक आकडा चुकला तेव्हा तिने जे बघितलं माझ्याकडे ते लिहीत नाही. तर बायॉसच्या आधी बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं बंद) करा, आणि केलं तरी चावी हाताशी ठेवा.

रिझल्ट? पहिल्याच रात्री फक्त चार टक्के गेले. बॅग थंड, दहीभात गोड. पण आठवड्याने घरी ऑफिसच्या कॉलवर वायफाय तुटायला लागलं, दर वीसेक मिनिटांनी, मी "ऐकू येतंय का" म्हणणारा माणूस झालो. डिव्हाइस मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर रोल बॅक केला, म्हणजे आधीचा परत आणला, कॉल सुधारले आणि सकाळी बघतो तर बॅटरी परत तीस टक्क्यांनी खाली. म्हणजे झोपमोड करणारा मुख्य कोण ते अपघातानेच सापडलं. एकेक करून टाकले असते तर दुसऱ्या दिवशीच सापडला असता. फेब्रुवारीत वायफायचा आणखी नवा ड्रायव्हर आला, तो एकटाच टाकला, तेव्हापासून दोन्ही ठीक.

एक गंमत, चिपसेट ड्रायव्हरची तारीख १८ जुलै १९६८ दिसली आणि मी व्हायरस समजून स्कॅन मारत बसलो. मावसभाऊ हसला, म्हणे ती इंटेलच्या स्थापनेची तारीख आहे, मुद्दाम जुनी टाकतात म्हणजे दुसरा खास ड्रायव्हर असेल तर तोच वरचढ ठरतो. विंडोजचे स्वतःचे ड्रायव्हर पण सगळे २१ जून २००६ चे दिसतात. तेव्हा तारखेवरून जुना-नवा ठरवू नका, व्हर्जन नंबर बघा.

नव्या बायॉसमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आली, मी घरी कायम चार्जर लावूनच असतो त्यामुळे मला हीच सगळ्यात आवडली. वाईट म्हणाल तर फॅन. आता जरा काही उघडलं की सुरू, एप्रिल-मे मध्ये तर पंखा, कूलर आणि हा असं त्रिकूट घरात. जुन्या बायॉसवर जावं तर जाता येत नाही, सिक्युरिटीसाठी डाउनग्रेड बंद करून ठेवलंय. चिडलो होतो, पण २०२३ च्या डिसेंबरात लोगोफेल नावाचं बायॉसमधलं भगदाड बाहेर आलं होतं, बूटच्या लोगोच्या चित्रातून विंडोजच्याही आधी घुसता येत होतं, आणि ते बायॉस अपडेटशिवाय बुजत नाही, त्यात सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) २०११ ची सर्टिफिकेट्स जून २०२६ पासून संपायला लागतात, त्यामुळे "खाजवू नका" हा दादाचा सल्ला आता मी नाही मानत. फॅन सहन करतो.

ब्लूटूथ इयरफोनचा माइक मात्र अजून कॉलवर खरखरतो, ते काही सुटलं नाही, वायरवाला वापरतो.

परवा परत बायॉसचं नोटिफिकेशन आलंय. पावसाळ्यात आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे पाऊस उघडलेला रविवार बघून करीन, आणि ते एकटंच. ४८ आकडे बायकोच्या अक्षरात कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलेत.