पिक्सेल सगळ्यांचा सारखाच: स्वप्नातले चार कॅमेरे आणि त्यांची शटरं

हॅसलब्लाड, फुजीफिल्म, फेज वन आणि लायका. ही नावं निघाली की पहिला प्रश्न किमतीचा आणि दुसरा मेगापिक्सेलचा. किमतीपुढे कुणाचं काही चालत नाही. मेगापिक्सेलची मात्र एक गंमत आहे. फेज वनच्या आयक्यू४ बॅकमध्ये (बॅक म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीला लागणारा सेन्सरचा डबा) १५१ मेगापिक्सेल, हॅसलब्लाड एक्स२डी आणि फुजीच्या जीएफएक्स १०० टूमध्ये १००, लायका एम११मध्ये ६०. पण एका पिक्सेलची रुंदी चौघांतही जवळपास तीच, ३.७६ मायक्रॉन. कागद एकाच जातीचा, कुणी मोठा ताव घेतलाय तर कुणी छोटा, एवढंच.

३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापलं तर एम११च्या फोटोची लांब बाजू सुमारे ३२ इंच भरते, १०० मेगापिक्सेलवाल्यांची ३९ आणि फेज वनची ४७. यापेक्षा लहान प्रिंट काढणाऱ्याने मेगापिक्सेलवरून भांडू नये. खरा फरक शटरमध्ये आहे आणि निवडही तिथूनच सुरू करावी.

ऊन आणि फ्लॅश

हॅसलब्लाडचं शटर बॉडीत नसतं, प्रत्येक लेन्सच्या पोटात असतं. पाकळ्यांसारखी पाती मधून उघडतात आणि मिटतात, म्हणून त्याला लीफ शटर म्हणतात. पाती पूर्ण उघडली की सगळा सेन्सर एकाच वेळी उजेडात येतो, त्यामुळे फ्लॅश कुठल्याही वेगाला चालतो. एक्ससीडी व्ही मालिकेतल्या ३८, ५५ आणि ९० मिमी लेन्सवर ही मजल १/२००० सेकंदापर्यंत जाते. जीएफएक्समध्ये सेन्सरसमोर पडदे धावतात. १/१२५ च्या वर पहिला पडदा पोचायच्या आत दुसरा निघालेला असतो, आणि फ्लॅशचा उजेड मधल्या फटीपुरताच पडतो.

आता हिशेब करू. भर उन्हात आयएसओ १००ला एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचं, म्हणजे अ‍ॅपर्चरचं माप; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) आणि १/१२५ हे एक्स्पोजर बसतं. पोर्ट्रेट एफ/४ला हवंय, म्हणजे उजेड चार स्टॉप कमी करायचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). हॅसलब्लाडवर शटर १/२००० केलं की काम झालं, फ्लॅशवर परिणाम नाही. जीएफएक्सवर १/१२५ सोडता येत नाही, म्हणून चार स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावावा लागतो आणि तो उन्हाबरोबर फ्लॅशही तेवढाच खातो. जिथे ५० ज्यूलचा फ्लॅश पुरला असता तिथे ८०० ज्यूल लागतात. एक हातातला दिवा, दुसरा दोघांनी उचलायचा. हाय-स्पीड सिंकचा, म्हणजे फट सरकत असताना फ्लॅश सतत लुकलुकत ठेवायचा, पर्याय आहे, पण त्यात फ्लॅशचा जोर बराच कमी होतो.

मात्र लीफ शटरवाल्यांनीही फार खूश होऊ नये. स्टुडिओतले मोठे फ्लॅश पूर्ण ताकदीवर १/२००० सेकंदापेक्षा जास्त वेळ जळत राहतात, आणि शटर लवकर मिटलं की उजेडाची शेपटी कापली जाते. फ्लॅशच्या माहितीपत्रकात टी०.५ (उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा वेळ) नव्हे, टी०.१ (एक-दशांशावर येईपर्यंतचा वेळ) हा आकडा बघा. कंपन्या पहिलाच ठळक छापतात, कारण तो दिसायला चांगला. घरी तपासायचं तर अंधाऱ्या खोलीत फक्त फ्लॅशवर एक फोटो १/२५०ला आणि एक १/२०००ला काढा, अ‍ॅपर्चर तेच ठेवून. दुसरा काळवंडला, तर जेवढा काळवंडला तेवढा उजेड शटरने गिळलाय.

एक्स२डी की जीएफएक्स?

सेन्सरचं माप दोघांचं एकच, ४३.८ बाय ३२.९ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या (३६ बाय २४ मिमी) १.६७ पट. हातात घेतल्यावर मात्र दोघांचे स्वभाव वेगळे. एक्स२डी बॅटरीसकट ८९५ ग्रॅम. आत १ टीबी एसएसडी आहे, त्यामुळे कार्ड विसरलं तरी शूट अडत नाही. व्हिडिओ अजिबात नाही. २०२२च्या मूळ मॉडेलला हलत्या माणसाचा सलग फोकस धरता येत नव्हता. २०२५च्या एक्स२डी टूमध्ये सलग ऑटोफोकस आणि लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) दोन्ही आले. हलत्या मुलांचे फोटो काढायचे असतील आणि हॅसलब्लाडच हवा असेल, तर जुनं मॉडेल स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका.

जीएफएक्स १०० टू सेकंदाला ८ फ्रेम काढतो, ८के व्हिडिओ देतो, आणि बॉडीतच शटर असल्याने अडॅप्टरवर जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स चालते. हॅसलब्लाडवर परकी, शटर नसलेली लेन्स लावली की इलेक्ट्रॉनिक शटरच उरतं, आणि सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला त्याला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्यात समोरून गेलेली सायकल तिरकी होते, एलईडीच्या उजेडात पट्टे उमटतात. जुन्या लेन्सचं कपाट भरलेलं असेल तर हा मुद्दा इतर सगळ्यांवर भारी आहे. फुजीचीही एक मेख आहे: १६-बिट रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) फक्त एकेक फ्रेम काढताना मिळते, बर्स्टमध्ये, म्हणजे सलग फ्रेम काढताना, नाही.

दोन्हीत सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा आहे आणि ती उत्तम चालते, पण ती आपला हात सावरते, समोरच्याची मान नाही. बोलत उभ्या असलेल्या माणसाला १/२५० खाली नेलं तर पापण्या फिसकटलेल्या दिसतील आणि दोष विनाकारण फोकसला जाईल.

जागेचाही विचार करा. एक्स२डीची रॉ फाइल सुमारे २०६ एमबी. तिची १६-बिट टिफ केली की ६०० एमबीच्या वर जाते आणि चार लेअर चढवले की संगणक धापा टाकतो. कॅमेऱ्याच्या बजेटमध्ये रॅम आणि बॅकअप डिस्क धरली नसेल तर बजेट चुकलंय.

फेज वन: कॅमेरा कमी, यंत्र जास्त

आयक्यू४चा सेन्सर ५३.४ बाय ४० मिमी, क्षेत्रफळाने वरच्या दोघांच्या दीडपट. किंमत मात्र कैक पट. इमारती, चित्रांचं पुनर्मुद्रण, संग्रहालयातल्या वस्तू, थोडक्यात जे हलत नाही त्यासाठी हा आहे. फेज वनच्याच एक्सटी बॉडीवर लेन्स आणि बॅक एकमेकांच्या तुलनेत आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना १२ मिमी सरकवता येतात, त्यामुळे कॅमेरा वर न झुकवता इमारतीचा माथा चौकटीत येतो आणि भिंती सरळ राहतात. प्रत्येक सरकवणीनंतर लेन्ससमोर दुधी पट्टी धरून एक एलसीसी फ्रेम काढायची. कोपऱ्यातली रंगछटा आणि काळोखी त्यावरून कॅप्चर वन या सॉफ्टवेअरमध्ये काढता येते. घाईत हीच फ्रेम राहते. फ्रेम अ‍ॅव्हरेजिंग ही त्याची खरी जादू: एनडी फिल्टर न लावता लागोपाठच्या अनेक फ्रेमची सरासरी कॅमेऱ्यातच काढून एकच रॉ मिळते. पाणी रेशमी, सावल्या स्वच्छ.

तोटे उघड आहेत. एक्सटीवर ऑटोफोकस नाही, कंपनावर उपाय नाही, ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढला तर वाऱ्यातच १५१ मेगापिक्सेल वाया जातात. शिवाय सगळं स्पष्ट हवं म्हणून एफ/१६ लावू नका. तिथे विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) प्रकाशाचा ठिपका २१ मायक्रॉनचा होतो, म्हणजे जवळजवळ सहा पिक्सेल रुंद. एफ/८ला फोकस सरकवत पाच-सात फ्रेम काढा आणि जोडा.

लायका आणि नॉक्टिलक्स

एम११ आणि ५० मिमी एफ/०.९५ नॉक्टिलक्स या जोडीची तुलना वरच्या तिघांशी करणं थोडं अन्यायाचं, पण स्वप्नांच्या यादीत ती असतेच. काळी बॉडी ५३० ग्रॅम, लेन्स ७००. ऑटोफोकस नाही, व्हिडिओ नाही. एफ/०.९५ला भर उन्हात आयएसओ ६४ला १/१८००० च्या आसपास वेग लागतो. यांत्रिक शटर १/४००० वर थांबतं. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर ६० मिमीच्या मापात आधीच घेऊन ठेवा.

एक मीटरवर या लेन्सची फोकसची खोली जेमतेम २ सेंटीमीटर. डोळा मिळाला तर कान गेला. त्यामुळे रेंजफाइंडर (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस लावायची यंत्रणा) किंचित जरी हलला असेल तरी इतक्या महागड्या लेन्सचे फोटो मऊ येतात. जुना संच घेताना आधी रिंग अनंतावर टेकवून चंद्र किंवा लांबचा मनोरा बघा. दोन प्रतिमा एक व्हायला हव्यात. वर-खाली फरक असेल तर ती दुरुस्ती वेगळी. मग ट्रायपॉडवर, एक मीटरवर, पट्टी ४५ अंशात ठेवून पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला दहा फोटो काढा, प्रत्येक वेळी फोकस नव्याने लावून. दहाही एकाच चुकीच्या जागी स्पष्ट असतील तर रेंजफाइंडरची किंवा लेन्सची जुळणी बिघडलीय. विखुरलेले असतील तर डोळ्याचा सराव कमी आहे. पट्टी तिरकी असल्याने तिच्यावर दिसणारे १४ मिमी म्हणजे प्रत्यक्षात १० मिमी, हे मोजताना धरा.