मेकॅनिकचा स्टेथोस्कोप : जुन्या मोटरसायकलची खडखड शोधताना काही महिने वापरून

जुनी, एक सिलेंडरची, पुशरॉडवाली (लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारी) मोटरसायकल जवळ असेल तर मेकॅनिकचा स्टेथोस्कोप घ्यावा, असं मी आता खात्रीने सांगतो. काही महिने वापरला, त्यात एका चिवट खडखडीचा छडाही लागला. मात्र घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावं की आवाज नेमका कुठून येतोय हे दाखवायला हे हत्यार वेळ लावतं. कुठून येत नाही, ते चटकन सांगतं. इंजिन खोलायचं की नाही हा प्रश्न समोर असताना मला त्याचीच जास्त गरज होती.

वस्तू साधी आहे. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपला छातीवर ठेवायची चकती असते, तिथे इथे धातूची छोटी डबी आणि तिला स्क्रूने बसणारी वीतभराहून लांब पोलादी सळई. सळईचं टोक इंजिनवर टेकवायचं, बाकी कान करतात. लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाशी धरून ऐकण्याची जुनी पद्धत मीही वापरत आलोय आणि तीही चालते. पण त्यात डोकं चालू इंजिनजवळ न्यावं लागतं आणि दुसरा कान बाहेरचा सगळा गोंगाट ऐकत राहतो. इथे दोन्ही कान बंद, सळईतून येईल तेवढंच ऐकू येतं.

माझ्या गाडीची तक्रार अशी होती. टॉप गिअरमध्ये संथ चालवताना एका ठरावीक टप्प्यावर खालून पत्र्यासारखी खडखड सुरू व्हायची. रेस थोडी वाढवली की बंद, थोडी कमी केली तरी बंद. एकाने पिस्टन सांगितला, दुसऱ्याने बिगएंड (पिस्टनचा दांडा क्रँकला मिळतो तिथलं बेअरिंग), तिसऱ्याने सायलेन्सरच्या आतली जाळी सुटली असेल म्हटलं. यातला प्रत्येक अंदाज शक्य कोटीतला होता, आणि पहिले दोन खरे असते तर इंजिन पूर्ण खाली उतरवावं लागलं असतं.

स्टेथोस्कोप कानाला लावण्याआधी रस्त्यावर दोन चाचण्या केल्या. खडखड चालू असताना क्लच दाबला आणि रेस अंदाजाने तेवढीच धरली. आवाज तसाच राहिला, म्हणजे चेन आणि गिअरबॉक्सवर येणाऱ्या ताणाचा संबंध नाही. मग गाडीचा वेग तोच ठेवून एक गिअर खाली घेतला. आवाज गेला. वेग तोच असूनही गेला, म्हणजे चाक, स्पोक, ब्रेक शू, स्पीडोमीटरची केबल ही सगळी मंडळी निर्दोष. खडखड इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेली होती.

एक सिलेंडरच्या इंजिनात पिस्टनची वरखाली पूर्णपणे तोलता येत नाही. 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेरे) क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, सेकंदाला 50 फेरे मारतो, तेवढ्याच वेळा चेसिसला झटका बसतो. गाडीवर टांगलेल्या प्रत्येक भागाची स्वतःची एक थरथरण्याची लय असते, आणि इंजिनची लय तिच्याशी जुळली की तो भाग एकदम जोरात हलायला लागतो. लय पुढे सरकली की शांत होतो. म्हणून एका अरुंद टप्प्यातच येणारी खडखड ऐकली की माझा पहिला संशय बाहेर लटकलेल्या वस्तूंवर जातो. झिजलेला बिगएंड असा टप्पा निवडून वाजत नाही, चढावर भार आला की तो घट्ट, खोल ठोके देतो. पिस्टन ढिला असेल तर गार इंजिनवर जास्त वाजतो आणि गरम झाल्यावर बराचसा दबतो.

तरीही तर्कावर विसंबून इंजिनला क्लीन चिट द्यायला मन तयार होत नव्हतं, आणि खरा उपयोग इथे झाला. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, समोर पंखा (एअर-कूल्ड इंजिन उभ्या गाडीत फार लवकर तापतं, पंखा हवाच आणि तरी थोडा वेळच चालवावं), जागा मोकळी. मग एकेक जागा.

सळई कूलिंगच्या पात्यांवर कधीही ठेवू नये. ती पाती स्वतःच किणकिणतात, म्हणून तर बऱ्याच इंजिनांत त्यांच्यामध्ये रबराचे तुकडे बसवलेले असतात. बोल्टचं डोकं, नट किंवा कास्टिंगचा जाड उंचवटा यावर टेकवली की आवाज स्वच्छ येतो. रॉकरच्या झाकणावर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची, टिकटिक, ब्लॉकच्या बुडाशी पिस्टनची सळसळ, क्रँककेसवर बेअरिंगची एकसुरी घरघर. पहिल्यांदा ऐकताना सगळंच भयंकर वाटतं. निरोगी इंजिनही आतून एवढा गलका करतं की घाबरायला होतं. त्यामुळे घेतल्याबरोबर, गाडीला काहीही झालेलं नसताना, नेहमीचे आवाज ओळखीचे करून घ्या. माझ्या मते या हत्याराचा निम्मा उपयोग या ओळखीत आहे.

ऐकताना सायलेन्सरच्या ठोक्याशी जुळवून पाहायची एक युक्ती फार कामाची. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांना एक ठोका पडतो आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हना चाल देणारा दांडा) क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. संशयित आवाज दर ठोक्याला एकदा येत असेल तर व्हॉल्व्ह, टॅपेट, पुशरॉडकडे बघायचं. दर ठोक्याला दोनदा येत असेल तर क्रँक आणि पिस्टनकडे. स्लोवर ठेवलेल्या जुन्या इंजिनात हे कानाला सहज कळतं.

या तपासणीत एक वेगळीच गोष्ट सापडली. हेडजवळ (सिलेंडरच्या वरच्या भागाजवळ) टॅपेटसारखी टिकटिक होती, पण सळई रॉकरच्या झाकणावर ठेवली की ती वाढत नव्हती. सळई काढून नुसती रबरी नळी हेडभोवती फिरवली, तर एक्झॉस्ट पाइप हेडला मिळतो तिथे फट-फट असा वाऱ्याचा झोत स्पष्ट ऐकू आला. गॅस्केटमधून गळती. नवीन गॅस्केट बसवलं, टिकटिक थांबली. नुसत्या कानाने हा आवाज टॅपेटपासून वेगळा करणं मला तरी अवघड गेलं असतं, आणि टॅपेट विनाकारण घट्ट केले तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, जळतो. एवढ्या एका कामासाठीही मी ही वस्तू घेतली असती.

पण मूळ खडखड डबल स्टँडवर येतच नव्हती. रेस हळूहळू वर नेली, खाली आणली, सायलेन्सरला सळई लावली, मडगार्डच्या पट्ट्या, टूलबॉक्स, हॉर्नची क्लिप, हेड स्टे (हेड चेसिसला धरणारी पट्टी), सगळीकडे ऐकलं. काही नाही. मग गाडी साइड स्टँडवर घेतली, एकाला हँडल घट्ट धरायला सांगितलं (एक सिलेंडरची गाडी रेस केल्यावर साइड स्टँडवर सरकू शकते, एकट्याने हे करू नये) आणि पुन्हा रेस वाढवली. तोच टप्पा आला आणि खडखड सुरू! दोन्ही वेळी गाडी उभीच, इंजिन तेच. फरक एवढाच की पहिल्या वेळी डबल स्टँड जमिनीवर दाबलेला होता, दुसऱ्या वेळी वर दुमडलेला.

तिथून पुढे सळईने रस्ता दाखवला. चेसिसच्या पुढच्या नळीवर आवाज पुसट, सीटखालच्या नळीवर मोठा, फूटरेस्टच्या बोल्टवर आणखी मोठा, स्टँडच्या पिनवर कान बधिर करणारा. नळी-नळीतला फरक मात्र बारीक असतो. पोलादातून आवाज सेकंदाला सुमारे 5000 मीटर जातो, हवेत जेमतेम 340, त्यामुळे चेसिसवर कुठेही सळई टेकवा, खडखड ऐकू येतेच. रने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने 1816 मध्ये कागदाची गुंडाळी करून पहिला स्टेथोस्कोप बनवला, तेव्हा त्याच्या डोक्यात हेच होतं : लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने ओरखडलं की दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते साफ ऐकू येतं. या गुणामुळे हत्यार चालतं आणि या गुणामुळेच चेसिसवरचा शोध रेंगाळतो. एकाच दाबाने, एकाच कोनात सळई धरून पुन्हा पुन्हा तुलना करावी लागते.

स्टँड खाली घेऊन बॅटरीच्या उजेडात पाहिलं. वर टेकण्याच्या जागी रबर उरलंच नव्हतं. तेल आणि मातीचा काळा थर सगळीकडे, आणि त्याच्या मधोमध नखाएवढी चंद्रकोर घासून पांढरी लख्ख झालेली. पिनचं भोक झिजून अंडाकृती, स्प्रिंग ताणून सैल. स्टँड रबरी ट्यूबच्या पट्टीने चेसिसला वर आवळून बांधला (पट्टी चेन आणि सायलेन्सरपासून लांब, आणि फक्त चाचणीपुरती) आणि फेरी मारली. त्या टप्प्यात गाडी अगदी गप्प. नवा बुश, नवी पिन, नवी स्प्रिंग आणि टेकायला रबर, एवढ्यात काम झालं. इंजिनच्या एकाही बोल्टला हात लागला नाही.

वस्तूच्या तक्रारीही आहेत. सळईचा स्क्रू थरथरीने सैल होतो आणि मग ती स्वतःच खुळखुळते, म्हणून दर वेळी लावण्याआधी पिळून बघावी. नळी कपड्याला घासली की तो आवाज इंजिनच्या आवाजात मिसळतो. माझी नळी सायलेन्सरच्या जवळ जाऊन एका बाजूने कडक झाली आहे. कानातल्या बोंड्या टणक आहेत, थोड्या वेळाने कान दुखतात. मऊ सिलिकॉनच्या लावल्यावर त्रास गेला, आणि बाहेरचा आवाजही आणखी कमी झाला. प्लगच्या वायरजवळ सळई नेऊ नका, धक्का बसतो. चेन, चाक, फिरणारं काहीही असेल तिथून लोंबती नळी दूर ठेवा. आणि भार असतानाच येणारे आवाज, उदाहरणार्थ चढावर होणारं पिंकिंग (इंधन अवेळी पेटल्याने होणारी टणटण), उभ्या गाडीत येतच नाहीत, त्यामुळे तिथे याचा काही उपयोग नाही.

घेताना दोन गोष्टी पाहा : सळई वेगळी काढता यायला हवी, म्हणजे नुसत्या नळीने गळती शोधता येते, आणि डबी पूर्ण धातूची हवी. मी सध्या क्लचच्या बाजूने स्लोवर येणारी एक हलकी खुळखुळ ऐकतोय. लिव्हर दाबला की ती बदलते, तेव्हा संशय क्लचच्या बास्केटवर (क्लचच्या चकत्या धरणारी वाटी) किंवा प्रायमरी चेनवर (क्रँककडून क्लचकडे जाणारी चेन). तेल बदलायला झाकण उघडेन तेव्हा चेनचा ढिलेपणा मोजायचा ठरवलं आहे.