पैसे एका छिद्राचे, पोटावर चार

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी बायकोचं ड्रेसिंग बदलताना मी पोटावरची छिद्रं मोजली. बेंबीपाशी एक, छातीच्या हाडाखाली एक, उजव्या कुशीत दोन बारीक. चार! आणि आम्ही पैसे भरले होते 'लेझर, बेंबीतून एकच छिद्र, व्रण दिसणारसुद्धा नाही' या पॅकेजचे.

बायकोच्या पित्ताशयात खडे होते. दुर्बिणीच्या नेहमीच्या ऑपरेशनचे ८५,००० आणि या खास पॅकेजचे १,४२,५०० असं कोऑर्डिनेटरने सांगितलं. ८५,००० विम्यातून गेले, वरचे ५७,५०० माझ्या खिशातून: पोर्ट (छिद्रात बसवायची नळी, तिच्यातून दुर्बीण आणि हत्यारं आत जातात) २८,५००, लेझर १८,०००, सर्जनची खास फी ११,०००. बत्तीस वर्षं अकाउंट्समध्ये बिलं तपासली आहेत मी. पण माणूस कळवळत असताना कोण घासाघीस करतं?

कळायला हवं होतं ते आदल्या रात्री. अकरा वाजता सिस्टरने संमतीपत्र आणलं. त्यावर नुसतं 'लॅप कोले', म्हणजे दुर्बिणीने पित्ताशय काढणं; पद्धतीची ओळ कोरी. मी विचारलंही, "इथे एक छिद्र असं लिहायचं ना?" "डॉक्टर भरतील, तुम्ही सही करा." केली सही. ती कोरी ओळ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. कोऱ्या जागेवर सही करू नका, कितीही घाई करू देत.

आत सूज असेल, चिकटलेलं असेल तर सर्जनने जादा छिद्रं पाडावीतच. पित्तनलिकेला इजा झाली तर जन्माचं दुखणं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ऑपरेशनच्या नोंदीत पहिल्यापासूनच चार पोर्ट आहेत. एकछिद्री पोर्टचा स्टिकर फाइलमध्ये नाही. काम कॉटरीने, म्हणजे विजेच्या उष्णतेने कापणाऱ्या हत्याराने झालंय, सगळीकडे होतं तसंच. पित्ताशय काढायला लेझर लागतच नाही, हे मला नंतर दुसऱ्या सर्जननी सांगितलं. 'लेझर' म्हटलं की लेखी मागा.

उपचारांचे कागद मागितल्यावर हॉस्पिटलला ७२ तासांत द्यावे लागतात. मला एकोणीस दिवस लागले. आरोग्य खातं म्हणालं, दर आमच्याकडे येत नाहीत. पोलीस म्हणाले, हे दिवाणी आहे. डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीने अर्ज तीनदा परत केला: एकदा प्रत कमी, एकदा प्रतिज्ञापत्र नाही, एकदा तेच प्रतिज्ञापत्र जुन्या नमुन्यात. चार महिने! वर एक साहेब विचारतात, "पेशंट सुखरूप घरी आलाय ना? मग?" मग माझे ५७,५०० कुठे गेले, साहेब?

ग्राहक आयोगात जा, दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या बिलाला फी नाही. सोमवारी मी तक्रार दाखल करतोय. सोबत बिल, नोंदी आणि पोटाचा फोटो. तो काढताना हिने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.