धोंडूची ऊबपेटी: दापोलीतल्या चार थंड महिन्यांनंतर

दापोलीत थंडीची वाट बघतात. डिसेंबरात पहाटेचा पारा बारा-तेरावर उतरला की यंदा हापूसला मोहोर चांगला येणार म्हणून आमच्या घरात सगळे खुलतात. गेली दोन वर्षं त्याच पहाटे माझ्या जिवाला घोर असतो, कारण पडवीत धोंडू असतो. धोंडू म्हणजे आमचा सुलकाटा जातीचा कासव. वय ११, वजन ३१ किलो, पाठीची लांबी ५६ सेंटिमीटर. सहाराच्या दक्षिणेकडचा, सेनेगलपासून इथिओपियापर्यंतचा कोरडा पट्टा हे त्याच्या जातीचं मूळ घर. गालापागोस आणि अल्दाब्राची कासवं सोडली तर जमिनीवर याच्याहून मोठं कासव नाही.

दिवाळीच्या आधी त्याच्यासाठी पडवीत एक ऊबपेटी करून घेतली. मार्चचा पहिला आठवडा संपेपर्यंत ती रोज वापरली. पेटी, तेलाचा हीटर आणि तापमान राखणारा कंट्रोलर, तिन्हींचा अनुभव लिहितो. मी शोधत होतो तेव्हा मराठीत याबद्दल काहीच मिळालं नव्हतं.

आधी कायद्याचं. धोंडू मेव्हण्याकडून आला. मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो मावेनासा झाला होता. २०२० मध्ये केंद्राने विदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना आणली तेव्हा मेव्हण्याने त्याची नोंद केली होती, आणि २०२४ च्या नियमांनंतर केंद्राच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवरही रीतसर केली. आपल्याकडचं चांदणी कासव मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्यातल्या पहिल्या अनुसूचीत आहे. कुणी कितीही गोड बोलून देऊ केलं तरी ते घरात ठेवणं गुन्हा आहे.

मागच्या हिवाळ्यात माझी जी चूक झाली, तिच्यातूनच ही पेटी आली. कासव थंडीत आपोआप झोपून राहतं असं मला वाटायचं. काही जातींची कासवं शीतनिद्रा घेतात, सुलकाटा घेत नाही. थंडी वाढली की तो फक्त गारठतो. तेव्हा मी पडवीच्या कोपऱ्यात दीडशे वॅटचा सिरॅमिक बल्ब टांगला होता. हा बल्ब उजेड देत नाही, नुसती उष्णता देतो, आणि लहान कासवांसाठी चांगला चालतो. धोंडू रोज त्याच्याखाली येऊन बसायचा, म्हणून मी निर्धास्त होतो. एका पहाटे इन्फ्रारेड थर्मामीटर लावला तर पाठीचा माथा ४७ अंश आणि मागचे पाय २१. जवळ टांगलेला एकच बल्ब मोठ्या कासवाचा वरचा थर भाजतो आणि खालचं अंग गारच राहतं. अंगाला ऊब लागत नाही म्हणून तो हलत नाही, आणि हलत नाही म्हणून पाठ आणखी भाजते.

जानेवारीत त्याचं नाक गळायला लागलं. श्वासाबरोबर बुडबुडे यायचे, तोंड उघडं ठेवून मान लांब करून पडून राहायचा. गाडीत घालून पुण्याला नेलं. पुढच्या पायात इंजेक्शनं द्यायची होती, ती नंतर घरीच दिली. पहिलं इंजेक्शन देताना बायकोने त्याची मान धरली होती आणि तिचेही हात कापत होते. तीन आठवडे त्याने नीट खाल्लं नाही. थंडी आणि ओल एकत्र आली की या जातीच्या छातीवर बेतते, हे मला तेव्हा कळलं. आमचं घर जांभ्याचं. जांभा सच्छिद्र, पावसाची ओल दिवाळीपर्यंत धरून ठेवतो. पडवी म्हणजे गारवा आणि ओल दोन्ही.

आईचं म्हणणं होतं, "विहिरीत सोड त्याला. आपल्या विहिरीत पूर्वी होतंच की कासव." तिला समजवावं लागलं, की विहिरीतलं ते पाण्यातलं, हा जमिनीवरचा. याला पोहता येत नाही, बुडेल. तिने ते लगेच मानलं आणि त्या दिवसापासून संध्याकाळी पेटीचं दार लावायचं काम स्वतःकडे घेतलं.

आता पेटी. आठ फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच. बाहेरून १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, आतून पातळ प्लाय आणि मधे दोन इंच थर्मोकोल. सुतारकाका आतला थर नको म्हणत होते, खर्च वाढतो म्हणून. मी ऐकलं नाही, कारण कासवाला थर्मोकोल दिसला की तो चावणार आणि पोटात गेला की अडकणार. झाकण बिजागरीचं. दाराला दुकानात एसीसाठी लावतात तशा जाड प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या. धोंडू दुसऱ्या दिवसापासून त्या ढकलून स्वतः आत-बाहेर करू लागला. खाली गोठ्यात गाईंसाठी घालतात ती रबरी मॅट. मजुरीसकट ३४ हजार झाले. रक्कम मोठी आहे, पण तीन इंजेक्शनं देऊन झाल्यावर ती मोठी वाटत नाही.

हीटर तेल भरलेला, नऊ पंखांचा, सगळ्यात खालच्या बटणावर हजार वॅटचा. हा हीटर बल्बासारखा एका जागी भाजत नाही, पेटीतली सगळी हवा सावकाश तापवतो. त्याच्यापुढे लोखंडी अँगलची जाळी वेल्ड करून मॅटच्या खालून जमिनीला बोल्टने आवळली आहे. ३१ किलोचं कासव जाळी ढकलतंच, आणि हीटर कलला की त्यातलं सुरक्षा बटण तो बंद करतं. सुरुवातीला जाळी नुसती टेकवून ठेवली होती, तेव्हा दोन रात्री हीटर असाच बंद पडला. गवत हीटरच्या बाजूला अजिबात ठेवत नाही. पेटीवर धुराचा अलार्म आहे.

हे वाचणाऱ्याने एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: हीटर फिरवायच्या खटक्याचा घ्या, डिजिटल बटणांचा नको. मी आधी डिजिटल आणला. दिसायला छान, तापमान आकड्यात दिसतं. पण कंट्रोलरने वीज तोडून पुन्हा दिली की तो चालूच होत नाही, कुणीतरी बटण दाबावं लागतं. रात्री लाईट जाऊन आली तरी तेच. आमच्याकडे लाईट जाणं नवीन नाही. नोव्हेंबरात एका पहाटे पाहिलं तर पेटीत १८ अंश आणि हीटर मजेत निळा दिवा लावून थांबलेला. दुकानदाराने बदलून दिला, फरकाचे पैसेही परत केले. खटक्याचा हीटर वीज आली की आपणहून तापतो.

कंट्रोलर साधाच, बाराशे रुपयांचा. २६ वर चालू, २७ वर बंद. त्याचा सेन्सर छताजवळ लावू नका. गरम हवा वर जाते, वर २७ दिसतं आणि कासवाच्या पातळीवर २२ असतं. मी तो हीटरच्या समोरच्या टोकाला, धोंडूच्या पाठीच्या उंचीवर, भोकं पाडलेल्या पाइपात बसवला आहे. स्वस्त कंट्रोलरमधला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा भाग, कधीतरी चिकटतो आणि मग वीज तुटतच नाही. म्हणून हीटरचा स्वतःचा खटकाही मी ३० अंशांच्या आसपास बंद होईल असा फिरवून ठेवतो. एकाने दगा दिला तर दुसरा आहे. वायर पीव्हीसी पाइपातून नेली, कारण ऊब शोधत उंदीर येतात. ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, तर हवाच. कासव मुततं तेव्हा तांब्याभर तरी मुततं, आणि थंडीत जांभ्याची जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो.

विजेचा हिशेब: सब-मीटर लावला होता. रात्रीला दीड ते अडीच युनिट. हीटर हजार वॅटचा असला तरी बहुतेक वेळ बंदच असतो, ही थर्मोकोलची किमया. जानेवारीत एकदा रात्री एकला लाईट गेली ती पाचला आली. बाहेर ११ अंश, पेटी २७ वरून २२ वर आली, त्याच्या खाली नाही. घरच्या इन्व्हर्टरवर हा हीटर चालत नाही आणि चालवूही नये, पण एवढा वेळ पेटी स्वतःच सांभाळते.

दिवसाचा प्रश्न आपल्याकडे नाहीच. जानेवारीतही दुपारी ३० अंश असतात. दहाला अंगण तापलं की तो बाहेर, साडेचारला आत. उन्हातले अतिनील किरण घरात मिळावेत म्हणून मी अतिनील दिव्याची महागडी ट्यूबही घेतली होती, ती वाया गेली. जो कासव रोज पाच-सहा तास उघड्या उन्हात फिरतो, त्याला ती लागत नाही. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन मात्र त्या कामाचं नाही, काच ते किरण अडवते. अवकाळीचे चार दिवस पडले तेव्हा ट्यूब लावली, बस.

मागच्या वर्षीशी तुलना करायची तर सकाळ बघावी. तेव्हा एवढा मोठा देह रात्रभर गारठायचा आणि तापायला दुपार व्हायची. मग खाणार काय आणि पचवणार कधी? गवत आतड्यात कुजून-आंबूनच पचतं, आणि त्याला ऊब लागते. यंदा तो नऊलाच पट्ट्यांना डोकं लावून उभा असायचा. नाक एकदाही गळलं नाही. वजन दिवाळीत ३१ होतं, आता साडेबत्तीस.

खाण्याचं एक सांगितलंच पाहिजे, कारण बागायतदारांच्या घरात ही चूक सहज होईल. मोहोरावर तुडतुड्यासाठी फवारणी होते. कलमांखालचं गवत त्या दिवसांत कासवाला अजिबात देऊ नका. फवारणीच्या दिवसांत धोंडू बागेकडच्या कुंपणापलीकडे जाणार नाही याची आम्ही सगळे खात्री करतो. पाऊस संपताना सड्यावरचं गवत कापून, वाळवून माळ्यावर भरून ठेवलं होतं. त्यासोबत जास्वंदीची पानं, शेवग्याचा पाला, तुती, काटे काढलेला फड्या निवडुंग. भात, भाकरी, केळं काही नाही. येणारेजाणारे प्रेमाने केळं पुढे करतात, त्यांना जास्वंदीचं फूल हातात देतो. कॅल्शियमसाठी मुरूडच्या किनाऱ्यावर वाहून आलेला समुद्रफेस (माकुलाच्या अंगातलं पांढरं, हाडासारखं कवच) गोळा करून, गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवून, वाळवून ठेवतो. तो करकर आवाज करत खातो. हीटरने हवा कोरडी होते, म्हणून आठवड्यातून एकदा दुपारी कोमट पाण्याच्या टबात अर्धा तास. हाताळल्यावर साबणाने हात धुणं घरातल्या मुलांना सक्तीचं, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

उणिवा आहेत. झाकण फार जड झालं आहे, आईला एकटीला उचलत नाही. पुढच्या दिवाळीआधी ते दोन भागांत कापून घेणार. खाऱ्या हवेने बिजागऱ्या चार महिन्यांत गंजल्या, स्टेनलेसच्या घ्यायला हव्या होत्या. मॅट रोज उचलून धुवावी लागते, नाहीतर अमोनियाचा वास कोंडतो आणि तोही छातीला वाईट.

हीटर आता पुसून ठेवला आहे, पण माळ्यावर चढवलेला नाही. जूनमध्ये पडवीच्या भिंती पाझरू लागल्या की पेटी कोरडी ठेवायला तो लागेल. परवा रात्री पारा २१ वर होता, म्हणून पट्ट्या वर बांधून ठेवल्या. धोंडू तरीही अंधार पडायच्या आत पेटीतच गेला, आणि आईने सवयीने दार लोटलं.